उद्योग सरकारी केले की विषमता कमी होते, हे खरंच पटतं का?

आडवाटेचा: मला नाही पटत. खाण किंवा तेल सरकारकडे आलं म्हणजे गरिबाकडे आलं असं होत नाही हो. बोत्सवाना बघा, हिरे काढणाऱ्या डेब्सवानात सरकारची निम्मी मालकी, पैसा खाल्ला असंही फार कोणी म्हणत नाही, शाळा रस्ते सगळं केलं, तरी जगातल्या सगळ्यात विषम देशांत नाव आहेच. खाणीला यंत्रं लागतात, माणसं लागतात किती? ज्याला आत नोकरी लागली तो तरला.

शंकासुर: मग खाजगीकरणाने काय दिवे लावले? मेक्सिकोने 1990 मध्ये टेलमेक्स ही सरकारी टेलिफोन कंपनी विकली, सरकारची मक्तेदारी गेली नि उद्योगपती कार्लोस स्लिम यांची आली, पुढे ते जगातल्या श्रीमंतांच्या यादीत पहिले!! उलट बोलिव्हियाने 2006 ला गॅस ताब्यात घेतला आणि 2008 पासून साठीच्या पुढच्या सगळ्यांना पेन्शन सुरू केली, आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हातारीलासुद्धा, जिला पगाराची स्लिप कधी मिळालीच नाही. विषमता घटली तिथे.

आडवाटेचा: घटली, मान्य. पण त्याच काळात पेरूमध्येही घटली की, आणि तिथे खाणी बहुतेक खाजगीच. गॅस, खनिजांचे भाव चढे होते तेव्हा सगळेच शहाणे दिसत होते. 2014 नंतर भाव पडले, मग बोलिव्हियाची गंगाजळी आटत गेली.

मधलीसुट्टी: दोघेही मालकीवरच अडकलात. दक्षिण कोरियाची पोलाद कंपनी पोस्को 1968 ची, तेव्हा सरकारीच, पण त्याच्या आधी 1950 च्या सुमारास जमिनी कुळांना वाटून झालेल्या, म्हणजे शर्यत सुरू होतानाच फार कोणी मागे नव्हतं, आणि पोलाद नुसतं बाहेर विकलं नाही, त्यावर जहाजं मोटारी बांधणारे कारखाने उभे राहिले, तिथे माणसं लागली.

शंकासुर: आणि युनियन दाबल्या ते? ते सोयीस्कर विसरलात :)

मधलीसुट्टी: विसरलो नाही, पगार दाबलेच होते, 1987 च्या संपांनंतर वाढले. पण मला सांगा, सरकारी कारखान्यात एकाच मशीनवर पर्मनंट आणि कंत्राटी शेजारी शेजारी उभे असतात, काम तेच, पगारात केवढी तफावत, नि ती कंत्राटं काढतं कोण? सरकारच ना? त्यावर कोणीच बोलत नाहीये.

आडवाटेचा: तेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

शंकासुर: अजिबात नाही, तुम्ही कंपनीच विकायला निघाला होतात!