डोक्याला मार लागल्यावर ऑक्युपेशनल थेरपी कशासाठी?

देवगडकर: भाऊ आंबे काढताना झाडावरून पडला, डोक्याला मार लागला. आता चालतो बोलतो पण चहा करताना मधेच थांबतो, गॅस तसाच चालू. फिजिओ सुरू आहे, डॉक्टर म्हणाले ऑक्युपेशनल पण करा. नेमकं काय करतात त्यात?

सावंतवाडीची ताई: फिजिओवाले ताकद, तोल, चालणं बघतात, ऑक्युपेशनलवाले रोजची कामं परत जमवून देतात, आंघोळ, कपडे, स्वयंपाक, पैशाचा हिशोब. आमच्या ह्यांना शिकवलं की शर्ट घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी, मग कुणाची मदत लागेना. चहाचं पण तसंच, एकेक पायरी कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटव, शेवटी मोठ्या अक्षरात 'गॅस बंद'. त्यावेळी टीव्ही, गप्पा नकोत, लक्ष फुटतं. आणि सध्या कोणीतरी जवळ उभं राहाच.

गुहागरवाला: मेंदू लवकर दमतो, अवघड काम सकाळी घ्या. मुंबईत केईएम हॉस्पिटलला 1950 पासून ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स शिकवतात, तिथे दाखवून घरी करायचा प्रोग्राम लिहून आणा.

देवगडकर: ताई, कागद आजच लावतो. बागेत कधी न्यायचा त्याला?

सावंतवाडीची ताई: झाडावर नकोच रे, थेरपिस्टला विचारून आंबे निवडायला, पेटी भरायला बसव. हात, नजर, लक्ष सगळंच लागतं त्यात.