थरारकादंबरीतली कलाटणी: चकवा कुठे संपतो आणि फसवणूक कुठे सुरू होते? (रहस्यभेद आहे)

पानखूण
एक अनुवादित मानसशास्त्रीय थरारकादंबरी वाचून संपवली. नाव मुद्दाम देत नाही. निवेदिकेला दारूच्या अमलाखालची एक रात्र आठवत नाही आणि मधूनमधून तिरप्या ठशात एक निनावी रोजनिशी येते. शेवटी एका अत्तराच्या वासासरशी तिला ती रात्र अथपासून इतिपर्यंत आठवते, खुनी सापडतो, आणि रोजनिशी वीस वर्षांपूर्वीची निघते. रोजनिशीचा धक्का झकास, आठवणीचा मात्र पचला नाही. माहिती तर दोन्हीकडे दडवलेली आहे. मग एक चालतं आणि दुसरं खटकतं, ते का?

निशाचर
दडवायला हरकत नाही, दडवल्याची खूण पानावर हवी. शेवट कळल्यावर पहिली तीन-चार प्रकरणं पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. निवेदिकेची मतं सोडून द्या. घड्याळाच्या वेळा, वस्तू आणि इतर माणसं तिच्याशी कशी वागतात, एवढ्यावरच खुणा करा. कलाटणी प्रामाणिक असेल तर खुणांचा अर्थ बदलतो, पण एकही वाक्य खोटं ठरत नाही.

उत्तम नमुना म्हणजे अगाथा ख्रिस्तीची १९२६ची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (न वाचलेल्यांनी हा परिच्छेद गाळा). निवेदकच खुनी आहे. तो सांगतो, पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती आणि आपण निघालो तेव्हा नऊला दहा. मधली दहा मिनिटं तो सरळ गिळतो. थाप एकही नाही, आणि भोक समोरच आहे.

आठवणीचं म्हणाल, तर इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला एक असा की योगायोगाने किंवा अचानक झालेल्या साक्षात्काराने तपास सुटता कामा नये. अत्तराचा वास दुसरं काय आहे? काही नियम आज हास्यास्पद वाटतात, हा मात्र टिकलाय.

तळटीप
वैद्यकीय बाजूनेही तो शेवट लंगडा आहे. रक्तातलं दारूचं प्रमाण झपाट्याने वाढलं (उपाशीपोटी, भराभर प्यायल्यावर हमखास) की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी नोंदवू शकत नाही. माणूस तेव्हा बेशुद्ध नसतो. चालतो, बोलतो, भांडतोही. फक्त नोंद होत नाही, आणि जे नोंदलंच गेलं नाही ते वासाने परत यायचं कुठून?

तुटक विस्मरण हा वेगळा प्रकार. त्यात मधले तुकडे शिल्लक राहतात आणि कुणी आठवण करून दिली की एखादा वर येतो. पण तुकडाच, सलग चित्रपट नव्हे. शिवाय रिकामी जागा मेंदू ऐकीव माहितीने भरतो आणि ती स्वतःची आठवण वाटू लागते. जाणता लेखक इथेच डाव टाकतो: नायिकेला 'आठवतं' ते नवऱ्याने सांगितलेलं असतं आणि खरा पुरावा बिलाच्या कागदावर मिळतो.

(रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून दोन सेकंदांत माणूस आडवा, हेही असंच. प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात.)

शाईडाग
अनुवाद म्हणालात म्हणून. निनावी रोजनिशीचा डाव मराठीत आणताना क्रियापद घात करतं. इंग्रजीत 'मी' बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' लिहिलं की संपलं. 'जातो-जाते', 'विसरलो-विसरले', 'बोललो-बोलले' सगळी चुगलखोर.

वाट आहे, पण अरुंद. 'मी दार उघडलं', 'मला आवाज ऐकू आला', 'मी उद्या जाईन' यांतून लिंग कळत नाही. म्हणून 'मी खोलीत गेलो' ऐवजी 'मी खोलीत पाऊल टाकलं'. पाच-सहा पानं असं निभतं, त्यापुढे भाषा अवघडल्यासारखी होते आणि कान तयार असलेला वाचक तेवढ्यावरूनच सावध होतो.

पानखूण
पेन्सिल घेऊन पाहिलं. रोजनिशीच्या दुसऱ्याच नोंदीत आहे: 'फोन वाजला म्हणून जिन्यावरून धावत खाली गेले.' म्हणजे घरात एकच फोन, तोही खालच्या मजल्यावर! काळ तिथेच सांगून टाकलाय. आणि शाईडाग, ते 'गेले' पाहा. रोजनिशी बाईची हे उघड झालं, त्यामुळे संशयितांपैकी दोघे पुरुष मराठी वाचकापुरते तिथेच बाद. मूळ पुस्तकात ते शेवटपर्यंत टांगलेले असणार.