निओस्टिग्मीन चाचणीच्या होकारावर किती विसंबावे?

निओस्टिग्मीनच्या इंजेक्शनानंतर पापणी वर आली की मायस्थेनिया ग्रेव्हिसचे (चेतांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोहोचल्याने स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचे) निदान पक्के, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. हे औषध अ‍ॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे चेता-स्नायू संधीत, म्हणजे चेता जिथे स्नायूला भिडते तिथे, ते रसायन अधिक काळ टिकते. मात्र लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोममध्ये (याच संधीच्या दुसऱ्या एका आजारात), इतकेच नव्हे तर मोटर न्यूरॉनच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) आजारातही, तात्पुरती सुधारणा दिसू शकते; उलट मस्क (MuSK) या स्नायूतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या मायस्थेनियात चाचणी पुष्कळदा नकारार्थी येते. शिवाय ‘बरे वाटते’ एवढ्या उत्तरावर जाऊ नये (डॉक्टरांचे मन रुग्णाला मोडवत नाही!), इंजेक्शनापूर्वी आणि नंतर अर्ध्या तासाने डोळ्याच्या वरच्या व खालच्या पापणीमधील अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे, आणि रुग्ण किती वेळ वर पाहू शकतो हे घड्याळ लावून पाहावे. याच चाचणीसाठीच्या एड्रोफोनियम या दुसऱ्या औषधाचा परिणाम मिनिटाभरात दिसून काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून तिथे नजर हटवून चालत नाही. दोन्ही औषधांनी नाडी मंदावू शकते, तेव्हा त्यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन हाताशी हवेच. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णात तर मी आधी मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती वर येते का हे पाहणेच पसंत करीन.