सीडीवर भजनांची नावं गायब, अन् एक सीडी त प्लेअर घेतच नाही

पांढरंसोनं_दारव्हा: रामराम मंडळी. आमच्या मंडळाचं खंजेरी भजन मोबाइलवर रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर घेतलं अन् सीडीवर टाकलं, काऊन का देवळातला डीव्हीडी प्लेअर जुना हाय, त्याले पेनड्राइव्ह लागतच नाही. नावं मराठीत लांबलचक दिली, कोणतं भजन, कोणी म्हटलं वगैरे. लॅपटॉपवर सारं बरोबर दिसते पण प्लेअरवर नुसत्या आडव्या रेघा अन् शेवटी आकडा. दुसरी सीडी त प्लेअर घेतच नाही, लॅपटॉपवर चालते. लाइन जाईन म्हणून घाईत बर्न केली होती, त्यानं झालं असंन काय? सोमवारपासून सप्ता हाय, लवकर सांगा बाप्पा.

टिनाचंघर: भौ, नावाचा अन् लाइनचा काही संबंध नाही. सीडीवर नावाच्या दोन याद्या असतात. जुनी आयएसओ ९६६०, तिच्या पहिल्या लेव्हलले ८ अक्षरं, टिंब अन् पुढं ३, तेबी इंग्रजी कॅपिटल, आकडे अन् अंडरस्कोर एवढंच चालते. मराठी अक्षर आलं का बर्निंगवालं सॉफ्टवेअर तिथं रेघ मारून मोकळं. दुसरी जोलिएट, तिच्यात युनिकोड, म्हणजे मराठीसारखी अक्षरंबी बसतात, ६४ पर्यंत. लॅपटॉप दुसरी वाचते, तुझा प्लेअर पहिलीच वाचून राह्यला. गाणं बिघडलं नाही, नुसतं नाव गेलं. इंग्रजीत आठाच्या आत नाव दे अन् सुरुवातीले ०१, ०२ असे दोन आकडे टाक, नाहीतर १ च्या मागं १० वाजते अन् बुवा तुले बोलतीन.

कापूसवेचणी: दुसऱ्या सीडीचं मले वाटते वेगळंच हाय. बर्न करताना विंडोजनं विचारलं असंन, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी पाहिजे का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिलं निवडलं का ते लाइव्ह फाइल सिस्टिममध्ये लिहिते, म्हणजे यूडीएफ नावाच्या फाइली मांडायच्या पद्धतीचा नवा प्रकार, जुन्या प्लेअरले तो समजत नाही. कोरी सीडी-आर घे, दुसरं निवड, अन् पुसून पुन्हा लिहायची आरडब्ल्यू घेऊ नको, तिच्यावरून उजेड कमी परततो, जुनी लेन्स गोंधळते.

नुसताचवाचतो: कोलगेट घासून पाहा, माह्या सीड्या चालल्या तशानं

टिनाचंघर: अरे ते खालच्या बाजूच्या ओरखड्याले, अन् तेबी नशिबावर. त्याची सीडी कोरी करकरीत हाय, कायले घासते? छापील बाजूले मात्र जप, चमकता थर तिकडंच असते, वार्निशच्या खाली लगेच, बॉलपेननं नाव लिहिलं का गेली. अन् मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका, माह्या अर्ध्या तशाच गेल्या.

पांढरंसोनं_दारव्हा: फ्लॅश ड्राइव्हवालंच दाबलं होतं मी 😅 नवीन केली, प्लेअरनं घेतली, नावंबी आली. पण १४ पैकी १३ च दिसून राह्यले, ०९ नाही.

कापूसवेचणी: ०९ चं शेवटचं नाव पाय, एमफोरए हाय काय? मोबाइलवालं, जुना प्लेअर ते घेत नाही.

पांढरंसोनं_दारव्हा: हो हो, तेच! बाकीचे एमपी३ केले होते, हे एक राह्यलं होतं. आणखी एक सीडी गेली. आता वाजलं सारं, बुवा म्हणते खंजेरीच आयकू येते, माहा आवाज कुठी हाय.