कॉम्प्युटर चालू होतो, पण स्क्रीन काळीच : तुमच्याकडे काय निघालं?

प्रतापनगर (धागा काढणारी)

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा लागलेला, पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही, आणि सोमवारी मला एका पीएच.डी.वाल्यांचा ३२० पानांचा प्रबंध द्यायचा होता. घरीच टायपिंग-डीटीपीची कामं करते मी. शनिवारी सकाळी बटण दाबलं. आतला पंखा फिरला, समोरचा निळा दिवा लागला, मॉनिटर मात्र काळाच. बंद केला, परत लावला. देवाचं नाव घेऊन परत एकदा लावला. काळाच.

ऊन्हातान्हात ऑटोत घालून एका दुकानात नेला. पाच मिनिटं पाहून तिथे सांगितलं, मदरबोर्ड गेला, जुना माल आहे मॅडम, नवाच घेऊन टाका. डोळ्यांत पाणी आलं हो. घरी परत आणला तर वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा जिन्यात भेटला. म्हणाला, "काकू, खोडरबर आहे का घरी?" मला वाटलं, थट्टा करून राहिला.

त्याने प्लग काढला, बाजूचा पत्रा उघडला आणि रॅमची पट्टी काढून माझ्या हातात दिली. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यातल्या पाच-सहांवर चहाच्या डागासारखा तपकिरी मळ होता. दोन्ही बाजूंनी रबर घासलं, भुगा फुंकला, पट्टी परत दाबली. दोन्ही टोकांना 'कट्ट' वाजलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली! कारण समोरच होतं: खिडकीतला कूलर. त्याचा झोत थेट सीपीयूवर. मार्चपासून ओली हवा आणि तिच्यासोबत नागपूरची धूळ.

तेव्हापासून एकच रुखरुख आहे. दुकानात मी "दुरुस्त होईल का?" एवढंच विचारलं. "नेमकं काय बंद आहे, आणि ते तुम्ही कसं ओळखलं?" हे विचारलंच नाही. म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय दिसलं, आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं, ते लिहा. पुस्तकी सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

सक्करदरा

ताई, आमच्या झेरॉक्सच्या दुकानातलं ऐका. पावसाळा होता, लाईन दर घंट्याला जाऊन राहिली होती. एकदा लाईन आली अन् बटण दाबलं, तर आतला पंखा अर्धी गिरकी घ्यायचा अन् थांबायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धी गिरकी. मी म्हटलं, लाईनच्या झटक्यानं बोर्ड उडाला. वरून असा वास, का सांगू! पोरगा म्हणे, बाबा, हा जळल्याचा वास नाही, मेल्याचा आहे.

मेकॅनिक आला. त्यानं एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज देणारा डबा, बाहेर काढला, मोठ्या प्लगातली हिरवी तार अन् एक काळी तार चिमट्यानं जोडून पाहिली. चांगला असता तर त्याचा स्वतःचा पंखा फिरला असता. नाही फिरला. टॉर्च मारला तर जाळीच्या मागे पाल. पार कडक झालेली. सीपीयूच्या मागची एक पत्र्याची पट्टी कधीची निघून पडली होती, तिथूनच घुसली असंल. नवीन एसएमपीएसचे १,८०० लागले, बोर्ड वाचला. त्या भोकावर आता पट्टी लावली हाय. अन् हो, एसएमपीएसचा डबा घरी कोणी उघडू नका बाप्पा, प्लग काढल्यावरबी आत करंट साचून राहते.

गोकुळपेठ, रूमवर राहणारा

हसायचं तर हसून घ्या. पैसे साठवून पहिला पीसी स्वतः जोडला. आय-५ १२४००एफ, वेगळं ग्राफिक्स कार्ड, सगळं मस्त. बटण दाबलं, दिवे लागले, पंखे फिरले, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. दोन रात्री झोपलो नाही. रॅम बदलून बदलून लावली, बोर्डावरचा सेल काढून पाहिला, प्रोसेसरसुद्धा उचलून पाहिला.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवत होतो. बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "अरे, वायर तू वरच्या भोकात लावली. खाली त्या कार्डालाही तसलंच भोक आहे न?" एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, म्हणून मदरबोर्डाच्या त्या एचडीएमआयमधून जन्मात चित्र येणार नव्हतं. हे मला माहीत होतं! एफ आहे म्हणून स्वस्त पडला, हे मीच मित्रांना सांगत फिरत होतो. खर्च शून्य. इज्जतीचं वेगळं.

खामला

मॉनिटरचा सोर्स, म्हणजे चित्र कुठल्या भोकातून घ्यायचं ती सेटिंग. पुतण्याने गेम लावायला एचडीएमआय-२ केला होता. मेकॅनिकचे ३०० गेले. पुढचं विचारू नका.

मनीषनगर

मी सेवानिवृत्त आहे, संगणक वृत्तपत्रं वाचायला आणि बँकेच्या कामापुरता. एका सकाळी अपडेटनंतर पासवर्ड टाकला आणि पडदा काळा झाला. मुलगी पुण्याला असते, तिला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न: "बाबा, माऊसचा बाण दिसतो का?" दिसत होता. ती म्हणाली, मग मशीनला काही झालेलं नाही. बाण दिसतोय म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम शाबूत आहे, अडलंय ते विंडोजमध्ये.

तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला सांगितलं. टास्क मॅनेजर उघडला. त्यात नवीन टास्क घेऊन 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' टाइप करताच डेस्कटॉप हजर. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जुजबी गोष्टींवर चालतं तिथे, जायला लावलं. मशीन सुरू होतानाच बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतं, तिथून रस्ता आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, फास्ट स्टार्टअप बंद केलं. त्यानंतर आजपर्यंत त्रास नाही. एरवी चालू मशीन असं उपटून बंद करायला ती मला रागावते, हेही नोंदवतो.

सीताबर्डी

मी या धंद्यातला आहे, तेव्हा थोडी आमचीही बाजू. सगळे दुकानदार चोर नसतात हो. गिऱ्हाईक "स्क्रीन गेली" एवढंच सांगतं आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतं. तुम्ही घरूनच दोन गोष्टी पाहून आलात तर आम्हालाही गंडवता येणार नाही.

कीबोर्डावर नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, चित्र कुठेतरी वाटेत अडलंय. मग केबल, मॉनिटर, कार्ड पाहायचं. मॉनिटर चालू आहे पण काळा दिसतो, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय, सीपीयू उचलून आणू नका. नम लॉक हलतच नसेल, तर कान द्या. बोर्डाला छोटा स्पीकर असेल आणि एकसारखी लांब शिट्टी वाजत असेल तर बहुतेक वेळा रॅम. बऱ्याच नव्या बोर्डांवर शिट्टीऐवजी चार बारके दिवे असतात: सीपीयू (इथे डबा नाही, प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). जो लागून राहतो तिथे घोडं अडलं. नुसता त्याचा फोटो पाठवला तरी माझं अर्धं काम होतं.

आणि जुना संगणक रोज तारीख-वेळ विसरायला लागला की गोल सेल बदला, सीआर२०३२. नाण्याएवढा असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. ताईंची रबराची गोष्ट खरी आहे, उन्हाळ्यात कूलरवाल्या घरांतून मशिनी येतात त्यात हे पाहतोच. पण प्लग काढून, मग बटण थोडा वेळ दाबून धरून, आणि हलक्या हाताने. एक साहेब पॉलिश पेपरने घासून आले होते. सोनं गेलं, रॅमही गेली.

त्रिमूर्तीनगर

सेल काढणाऱ्यांसाठी माझं दुखणं. काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून सेल काढून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी बोर्डाची सेटिंग, मूळपदावर आणलं. चित्र आलं, पण विंडोज ११ ने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या कुलपाची, ४८ आकड्यांची चावी मागितली. आपण कधी कुलूप लावलं हेच मला माहीत नव्हतं! चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडलेली निघाली, पण ते खातं जुन्या ईमेलचं आणि तो पासवर्ड बायकोच्या डायरीत, किराण्याच्या हिशोबाखाली. अख्खा रविवार गेला. चावी आधी कागदावर उतरवून ठेवा, मग स्क्रू काढा.

बेसा

मी तर चांगल्या मशीनला तीनदा मारलं. नवा रायझन प्रोसेसर, डीडीआर-५ रॅम. पहिल्यांदा सुरू केला, दोन मिनिटं काळी स्क्रीन, घाबरून बंद. परत तेच. परत तेच. चौथ्यांदा नेमका आईचा फोन आला, गच्चीत जाऊन बोलत बसलो. खाली आलो तर बायोसचा पडदा माझी वाट पाहत होता. पहिल्या वेळी या मशिनी रॅमशी जुळवून घेतात, त्याला काही मिनिटं लागतात. मी दरवेळी मधेच बंद करून तिला पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो.

प्रतापनगर (धागा काढणारी)

सगळ्यांचं वाचलं. पालीचं वाचल्यावर मागे जाऊन आमची पट्टी आहे का ते पाहून आले. आहे. सीपीयू आता आतल्या भिंतीला नेला, कूलरचा झोत माझ्या पाठीवर घेते.

खामला

ताई, तो प्रबंध सोमवारी दिला का?

प्रतापनगर (धागा काढणारी)

मंगळवारी दिला. गाईडच गावाला गेले होते.