जीसीसीने कंपाइल केलं म्हणून माझा कोड जीपीएल होतो का?

भांडुप_सी_वाला:
मंडळी, जरा अर्जंट आहे. मस्जिद बंदरच्या घाऊक मसालेवाल्यांसाठी बिलिंग मशीन केलंय, आत छोटा लिनक्स बोर्ड, सगळा कोड मी एकट्याने सी मध्ये लिहिलाय, जीसीसी या कंपायलरने कंपाइल केलाय. हमाली, तोलाई प्रत्येक गाळ्यावर वेगळी म्हणून ते नियम टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची सोय ठेवली आणि ती वाचून समजून घेणारा कोड, म्हणजे पार्सर, बायसन या टूलने जनरेट केला. काम अंधेरीच्या एका कंपनीचं, फ्रीलान्स. आता शेवटचा हप्ता द्यायच्या वेळी त्यांचा माणूस म्हणतो की जीसीसी आणि बायसन दोन्ही जीपीएल (वाटताना सोर्सही द्यायला लावणारं लायसन्स), म्हणजे तुझी बायनरी, कंपाइल झालेली फाइल, पण जीपीएल, आमच्या मालकीचं काही उरतच नाही तर पूर्ण पैसे कशाचे? आठ महिने घातलेत हो यात. खरंच असं असतं का?

लोकल_९_०२:
नाही. जीपीएलव्ही३ मध्येच लिहिलंय, कलम २ बघा, प्रोग्रॅम चालवून जे आउटपुट येतं त्याला लायसन्स तेव्हाच लागतं जेव्हा त्या आउटपुटमधला मजकूरच मुळात त्या प्रोग्रॅमचा असतो. तुमचा कोड तुमचा, कंपायलरने फक्त त्याचं रूप बदललं. आता जीसीसी स्वतःचे थोडे तुकडे बायनरीत घालतो, लिबजीसीसी वगैरे, हे खरं, पण त्यासाठीच रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन नावाची सूट आहे, ३.१ आवृत्ती २००९ ची. कंपाइल करताना मध्ये कुठला बंदिस्त प्लगइन घुसवला नसेल तर निश्चिंत राहा.

खोदकाम:
जीसीसीचं बरोबर, पण बायसनची गोष्ट वेगळी आहे, तिथे तुमच्या क्लायंटची शंका अगदीच हवेतली नाही. बायसन तुमच्या व्याकरणाचे टेबल बनवतो आणि त्यांच्यासोबत yyparse चा, म्हणजे पार्सर चालवणाऱ्या फंक्शनचा, अख्खा सांगाडा स्वतःच्या घरचा कॉपी करून देतो, म्हणजे आउटपुटमध्ये खरोखरच बायसनचा मजकूर असतो. १.२४ च्या आधी यामुळेच त्याचा पार्सर फक्त फ्री, म्हणजे सोर्स खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमध्येच वापरता यायचा. मग सूट आली, आणि २.२ पासून ती बायसनच्या सगळ्या पार्सरना लागू झाली. अट एकच, तुम्ही तो सांगाडा घेऊन दुसरा पार्सर जनरेटर बनवायचा नाही. जनरेट झालेली .c फाइल उघडा, वरच्याच कमेंटमध्ये ही सूट शब्दशः छापलेली असते, तेवढं क्लायंटला पाठवा.

कॉपीराइट_काका:
आणि मालकी आणि लायसन्स यांची गल्लत करू नका रे. जीपीएल लागला तरी तुझा कॉपीराइट तुझाच राहतो, फक्त वाटताना सोर्स द्यायची जबाबदारी येते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय. पगारी नोकरीत लिहिलेला कोड कलम १७ प्रमाणे मालकाचा, पण तू नोकर नाहीस, करारात वेगळं काही नसेल तर पहिला मालक तूच. कंपनीला मालकी हवी असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी, तुझ्या सहीचं हस्तांतरण लागेल, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. म्हणजे कंपनीला खरी काळजी या कागदाची पाहिजे, जीसीसीची नाही. हा कागद आधी करून घे, सही हप्ता जमा झाल्यावर.

भांडुप_सी_वाला:
मनापासून थँक्यू सगळ्यांना, कमेंट सापडली, जशी सांगितली तशीच आहे. करारात मालकीचा शब्दच नाहीये. एक विचारू, सर्व्हिसवाल्यांच्या मेनूसाठी रीडलाइन (टाइप केलेली ओळ वाचणारी लायब्ररी) लिंक केलंय, ते चालेल ना?

खोदकाम:
नाही नाही, ते आधी काढा! रीडलाइन पूर्ण जीपीएल आहे, एलजीपीएल हे त्याचं सौम्य रूप नाही, आणि त्याला आउटपुटची कुठलीच सूट नाही, मशीन विकलं की जीपीएल काढणाऱ्या एफएसएफ या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स द्यावा लागेल. त्याऐवजी लिबएडिट लावा, सोर्स द्यायची सक्ती नसलेल्या बीएसडी लायसन्सचं आहे आणि फंक्शनची नावं बरीचशी तीच. जीलिबसी, म्हणजे सी ची मूळ लायब्ररी, स्टॅटिक लिंक केली (बायनरीतच भरली) असेल तर तेही बघा, एलजीपीएलमुळे गिऱ्हाइकाला परत लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात, डायनॅमिक, म्हणजे वेगळी फाइल, ठेवली तर ते काम बरंच हलकं होतं.

भांडुप_सी_वाला:
डायनॅमिकच आहे. रीडलाइन आज रात्रीच काढतो, मग काकांनी सांगितलेला कागद.