आधी घर बघू की आधी पसारा आवरू?

घोळात_घोळ
दीड महिन्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाला शिफ्ट व्हायचंय. नवरा पुढच्या आठवड्यात तिकडे जॉइन होतोय, म्हणजे इथलं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. नऊ वर्षं एकाच घरात आहोत, किती साठलंय ते विचारूच नका. माझं घोडं अडलंय ते इथे की नवीन घर केवढं मिळेल ते माहीत नाही म्हणून काय ठेवायचं काय काढायचं ते ठरत नाही, आणि सामान किती नेणार ते ठरत नाही म्हणून घर केवढं बघायचं ते नवऱ्याला सांगता येत नाही. काल माळ्यावरून एक खोकं काढलं, चार तास त्यात गेले आणि खोकं परत माळ्यावर. वर घरं सगळी फोटोतच बघतोय आणि फोटोत प्रत्येक हॉल मैदानाएवढा दिसतो. कुणी केलंय का असं?

तीन_बदल्या
तीनदा केलंय. माळ्यापासून सुरुवात केलीत तिथेच चुकलं ताई, तिथे फोटो, पत्रं, मुलांचे बारके कपडे असतात, माणूस मांडी घालून बसतो आणि संध्याकाळ होते. बाथरूमचं कपाट, तारखा उलटलेली औषधं, वायरी-चार्जरचा ड्रॉवर, असलं काहीतरी आधी घ्या. ते काढायला नवीन घर केवढंय हे कळायची काही गरज नाही.
घराचं म्हणाल तर बारीक सामान विसरा. पलंग, सोफा, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन एवढ्यांचीच लांबी रुंदी उंची टेपने मोजून नवऱ्याला पाठवा, घर ठरतं ते त्यांच्यावर, वाट्या-चमच्यांवर नाही. आणि भुशाच्या बोर्डाचं कपाट असेल तर सरळ देऊन टाका. एकदा खोलून परत जोडलं की स्क्रू धरत नाहीत, आमचं दुसऱ्या बदलीत तिरकं झालं ते तिरकंच राहिलं. लांबच्या ट्रकला सामान जागा किती खातं नाहीतर वजन किती भरतं यावर पैसे, मग डुगडुगतं कपाट कशाला पोसायचं.

रिकामा_माळा
मागच्या शिफ्टिंगची चिकटपट्टी अजून तशीच असलेलं एखादं खोकं आहे का घरात? असेल तर न उघडता बाहेर. 😄

जिन्यातला_सोफा
नाव का घेतलंय ते कळेलच. फोटोवर घर घेतलं, हॉल मोजलेला, सोफा बसत होता, पण जिन्याच्या वळणाचं डोक्यातच आलं नाही. दोन दिवस सोफा मधल्या जिन्यात उभा आणि शेजारी त्याला वळसा घालून वर-खाली. म्हणून घराचं दार, लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, तिन्ही मोजायला लावा. फोटो वाइड लेन्सने काढतात, त्यात खोली मोठीच दिसणार. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा आणि गेटपासून कॉल न तोडता आत यायला सांगा. नळ सोडून दाखवा म्हणायचं, बाहेरच्या भिंतींचे खालचे कोपरे, सिंकखालचं कपाट, ओल तिथेच असते. आणि कुणी घर न दाखवताच आधी टोकन भरा म्हणाला की फोन ठेवायचा, कितीही गोड बोलो.
आमचा सल्ला म्हणाल तर एक महिना तात्पुरतं कुठेतरी राहा आणि मग निवांत शोधा.

तीन_बदल्या
@जिन्यातला_सोफा तात्पुरत्याचं मला नाही पटत, सामान दोनदा चढवा दोनदा उतरवा, फुटायचं ते दुसऱ्या वेळी फुटतं. त्यांचे मिस्टर आधी जातच आहेत ना, त्यांनाच राहू दे महिनाभर एका खोलीत, ट्रक घर ठरल्यावर हलवा.
फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ उतरवा आणि उभाच न्यायला सांगा. आडवा नेलाच तर तिकडे उभा करून काही तास थांबा मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू दे. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर मागच्या बाजूला ट्रान्झिट बोल्ट (नवीन मशीनसोबत येतात ना, ड्रम जागेवर धरून ठेवणारे, ते) लावल्याशिवाय ट्रकमध्ये चढवू नका, नाहीतर आतला ड्रम रस्ताभर आपटत जातो. पुस्तकं छोट्या खोक्यात, मोठ्यात भरलीत की उचलताना तळ सुटतो.

घोळात_घोळ
सगळ्यांना थँक्यू! वायरींचा ड्रॉवर झाला, अकरा चार्जर निघाले, त्यातले सात कशाचे ते घरात कुणालाच माहीत नाही. सोफा मोजला, ७ फूट २ इंच, नवरा म्हणतो आता एजंटसमोर टेप काढायची लाज वाटते, म्हटलं काढ. चिकटपट्टीवालं खोकं निघालं बरं का, एक नाही दोन. न उघडता टाकायचं जमलं नाही, एकात आधीच्या टीव्हीचा रिमोट होता, तो टीव्ही कधीच गेला.
एक अजून, मशीन पुढून उघडणारंच आहे पण ते बोल्ट कुठे गेले कुणास ठाऊक. वेगळे मिळतात का?

तीन_बदल्या
मिळतात, मॉडेल नंबर सांगून सर्व्हिसवाल्याला विचारा. पण त्याआधी दुसरं खोकं बघा 😀

घोळात_घोळ
दुसऱ्याच खोक्यात होते!! चारही, पिशवीसकट.